पारावरचा नळ

आमच्या गावात नळ आला तेव्हा तो गावातल्या सगळ्यात मानाच्या जागी बसवला. मारुतीच्या देवळासमोर, पाराला लागून, सिमेंटचा ओटा आणि त्यावर दोन चकचकीत तोट्या. नारळ फुटला, पेढे वाटले, तोटी फिरवल्यावर पाणी आलं तेव्हा पारावरच्या मंडळींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. जागा ठरवताना सगळ्यांचं एकमत झालं होतं म्हणे. होणारच होतं, कारण त्या बैठकीत एकही बाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळाला पाणी आलं आणि आम्ही सगळ्या जणी गुंड, म्हणजे पाण्याच्या मोठ्या घागरी, आणि कळशा घेऊन नेहमीसारख्या खालच्या विहिरीवर गेलो.

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. लग्नाआधी मलाही वाटला असता. मी वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेची. माहेरी न्हाणीत एक नळ आणि अंगणात एक, त्यामुळे पाण्यासाठी चालावं लागतं हे मला सेलूपासून आत असलेल्या या गावात येऊन कळलं. खालची विहीर नाल्याच्या काठी. जाताना उतार, रिकामी भांडी, वीस मिनिटं. येताना चढ, डोक्यावर दोन गुंड, कमरेवर कळशी, आणि तेव्हा घड्याळ बघायची शुद्ध कोणाला असते? सकाळी चार खेपा, संध्याकाळी दोन, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात माझी मान अशी आखडली की कोणी हाक मारली तर मला सबंध वळावं लागायचं. माझ्या जाऊबाई हसायच्या. जुन्या लुगड्याची चुंबळ कशी वळायची, गुंड डोक्यावर घेतल्यावर नजर कुठे ठेवायची, हे सगळं त्यांनीच शिकवलं. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. पहिले सहा महिने माझ्या वाटच्या दोन खेपा त्यांनी कोणाला न सांगता केल्या, हे मला फार उशिरा समजलं.

मग जवळचा नळ सोडून आम्ही विहिरीवर का गेलो, तर पारामुळे. पारावर पहाटेच्या चहापासून गावातले सासरे बसतात. मी त्यांना म्हातारे म्हणत नाही, सासरेच म्हणते, कारण गावातला प्रत्येक म्हातारा गावातल्या प्रत्येक सुनेचा कोणीतरी सासरा लागतो. पारासमोरून जायचं तर सुनेनं चपला काढून हातात घ्यायच्या, पदर कपाळाखाली ओढायचा आणि खाली मान घालून निघून जायचं. ही रीत लेकींना नाही. लेकी त्याच पारासमोरून सायकलची घंटी वाजवत जातात. आता डोक्यावर दोन गुंड आणि कमरेवर कळशी असलेल्या बाईनं चपला कोणत्या हातानं काढायच्या आणि पदर कोणत्या हातानं ओढायचा? म्हणून आमची पाण्याची वाट आधीपासूनच पारावरून जात नव्हती. ती गावामागच्या आखरावरून, जिथे सकाळी गुरं गोळा होतात तिथून जायची. आणि नळावर तर नुसतं जायचं नव्हतं. तिथे वाकायचं होतं, साडी वर खोचायची होती, भिजायचं होतं, दहा सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्यांनी जागा निवडली त्यांनी नळाला मान दिला होता. बाईला वाकावं लागतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यातून नळाला अगदी खेटून जी फरशी होती ती आमच्या मामाजींची. मामाजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या, घरात मामाजी, त्यांचे दोन मुलगे आणि आम्ही दोघी जावा. मामाजी माणूस सरळ, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण सुनांशी बोलायचं नाही म्हणजे नाही. ते भिंतीशी बोलत. 'चहा झाला असेल तर बरं होईल,' असं भिंतीला सांगत आणि चहा आम्ही आणून ठेवत असू. फाटकातून आत येताना खाकरत. एकदा खाकरले तर ते एकटे, दोनदा खाकरले तर बरोबर पाहुणा. खाकरण्याचा आवाज आला की आमचे हात पदराकडे जात आणि पाय आतल्या खोलीकडे. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याशी एक वाक्य थेट बोललेलं मला आठवत नाही. जाऊबाईंशी त्याहून अधिक वर्षांत नाही.

नळ आला त्याच वर्षी श्रावणात, चढावर, काळ्या मातीच्या चिखलात जाऊबाई एकदम खाली बसल्या. गुंड त्यांनी आधी नीट उतरवून ठेवले आणि मग बसल्या. मला वाटलं पाय घसरला. त्या म्हणाल्या, पाय नाही, अंग खाली येतं. वजन घेऊन चढले की बाहेरच येतं, मग आडोशाला बसून आत ढकलते आणि पुढे जाते. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मीही गुंड उतरवले आणि त्यांच्याशेजारी चिखलात बसले.

मी त्यांना वर्ध्याला दवाखान्यात नेलं. जेठांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, सांगितलं, चष्मा बदलायला जातोय. डॉक्टरीण बाई समंजस होत्या. म्हणाल्या, ऑपरेशननं बरं होईल, फार दिवस लांबवू नका. पण त्यानंतर सहा महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, आणि पुढेही ओझी वाहायची नाहीत. वाहिलीत तर पुन्हा तेच होऊन बसेल. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरी पाणी कोण भरतं? जाऊबाईंना हसू आलं. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "डॉक्टरले काय जाते सांगाले. आधी पाणी घराजवळ येऊ दे, मंग ऑपरेशन करू."

मी म्हटलं, सगळं पाणी मी आणीन. त्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्यांची एक खेप झालेली होती. जेठांना नुसतं 'वजन उचलायचं नाही' एवढंच सांगितलं, तर त्यांनी आठ दिवस मोटरसायकलला कॅन बांधून पाणी आणलं. नवव्या दिवशी कापसावर फवारणी सुरू झाली आणि ते विसरले. माझा नवरा 'पाहू' म्हणाला. आमच्या घरात 'पाहू' म्हणजे नाही.

दसऱ्यानंतर एक मुलगी फॉर्म घेऊन गावात आली. नळ कोण कोण वापरतं याची पाहणी होती. मी चक्कीवर दळणाला उभी होते आणि चक्की पाराच्या मागेच आहे. ती पारावरच्या मंडळींना विचारत होती, नळ एवढा जवळ असून बायका विहिरीवर का जातात? एका सासऱ्यांनी हसत हसत उत्तर दिलं, की आमच्या बायकांना विहिरीवरच्या गप्पा सोडवत नाहीत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलीनं ते लिहून घेतलं.

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. गप्पा म्हणे! डोक्यावर दोन गुंड घेऊन चढणाऱ्या बाईनं एकदा तोंड उघडून बघावं. पीठ तसंच ठेवून मी त्या मुलीला आखराच्या वळणावर गाठलं आणि खरं कारण सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "मग तुम्ही त्यांनाच का नाही सांगत?"

कोण सांगणार? ज्यांना सांगायचं ते सगळे सासरे आणि ज्यांनी सांगायचं त्या सगळ्या सुना. घरी येऊन मी जाऊबाईंना गप्पांची गोष्ट सांगितली. त्या खूप हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात ओटीपोटाकडे गेला. तो हात मी पाहिला. त्याच वेळी मी ठरवलं की थंडी संपायच्या आत या बाईचं ऑपरेशन झालं पाहिजे, मग त्यासाठी कोणाची झोप उडाली तरी चालेल.

आधी सरळ मार्गानं गेले. ग्रामपंचायतीतल्या आमच्या बाई सदस्याकडे गेले, तर तिचेच सासरे पारावर माझ्या मामाजींच्या शेजारी बसत. तिनं हात टेकले. अर्ज लिहिला, तो फाईलमध्ये गेला आणि 'पाहू' असं उत्तर आलं. म्हणजे आमच्या घरचा शब्द गावभर चालत होता तर!

शेवटी मला त्या रीतीतच वाट सापडली. रीत दोन्ही बाजूंनी असते, हे आम्ही विसरलो होतो. सुनेला जिथे काम आहे तिथे सासरे बसलेले असतील तर सुनेनं लांब उभं राहायचं, पाठ फिरवायची, बोलायचं नाही, आणि सासऱ्यानं खाकरून उठून बाजूला व्हायचं. लग्नात, मयतीत आम्ही हे कितीदा पाहिलं होतं. जो उठत नाही त्याला गाव बेशरम म्हणतं. मी विहिरीवर सगळ्यांना म्हटलं की आपण रीत मोडायची नाही. पाळायची, पण पूर्ण पाळायची. उद्यापासून नळावर जायचं. सगळ्या मिळून नाही, एकेकीनं. गुंड न्यायचा नाही, घरातली सगळ्यात लहान कळशी न्यायची.

आधी कोणाला समजलं नाही. समजलं तेव्हा विहिरीवर खरोखरच गप्पा झाल्या. जाऊबाई मात्र घाबरल्या. मामाजींना जागेवरून उठवायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. मी म्हटलं, तुम्ही येऊच नका.

पहिल्या दिवशी मीच पहिली गेले. चपला हातात, पदर नाकापर्यंत, कळशी खाली ठेवली आणि पाठ फिरवून उभी राहिले. पारावरचं बोलणं थांबलं. मग कोणीतरी खाकरलं. सगळ्यात आधी उठावं लागलं मामाजींना, कारण सून त्यांची. त्यांच्या मागून बाकीचे उठले आणि देवळामागे गेले. मी कळशी भरली आणि सावकाश निघाले. ते येऊन बसले, चहाचा कप तोंडाला लावला, तेवढ्यात शेजारघरची सून आली. ती गेली, तर तिच्या मागची. पाणी नळाला दीड तास असायचं. त्या दीड तासात पारावर कोणाची बैठक धड दोन मिनिटं झाली नाही.

पहिले दोन दिवस पारावर आमचं कौतुक झालं. आजकाल अशा सुना कुठे मिळतात, वगैरे. तिसऱ्या दिवशी चहा थंड होऊ लागला. चौथ्या दिवशी गुडघेदुखीनं हैराण असलेले एक आजोबा म्हणाले, पोरींनो भरा, आम्ही डोळे मिटून बसतो. आम्ही हललो नाही. काठी टेकत, एक हात पाराच्या दगडावर ठेवून ते उठले तेव्हा मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण चढावर गुंड उतरवून बसलेली दुसरी एक बाई मला दिसत होती, म्हणून मी पदर आणखी खाली ओढला. नळावर येणाऱ्यांपैकी दोघींना त्यांच्या नवऱ्यांनी घरात बसवलं. त्यांच्याऐवजी चौघी नव्या आल्या. कोणाला रागवायलाही जागा नव्हती. सुना चपला काढतात, पदर घेतात, तोंडातून शब्द काढत नाहीत, यात चूक काय दाखवणार?

नवव्या दिवशी दुपारी मामाजी घरी आले. एकदाच खाकरले. आम्ही दोघी आतल्या खोलीत होतो. ओसरीवर बसून ते भिंतीला म्हणाले, हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते घरातल्यांनी सांगावं.

जाऊबाईंनी माझा हात धरला आणि मान हलवून नको म्हटलं. मी हात सोडवला आणि पदर डोक्यावर घेऊन दारात आले.

"माह्या डोक्यातून, मामाजी."

ते दचकले. पण भिंतीवरची नजर त्यांनी काढली नाही. म्हाताऱ्यांना बसायला एक जागा होती, तीही गेली, असं काहीसं ते भिंतीलाच म्हणाले.

"बसा नं तुम्ही. नळ हलवा."

"नळ गावानं बसवला."

"गावानं आमाले विचारलं नाई."

"मंग सांगाचं होतं."

"कोनाले सांगाचं होतं, मामाजी? एकोणीस वर्षं झाले मले या घरात. आज पहिल्यांदा बोलून राह्यले तुम्ही माह्याशी, तेही भिंतीकडे पाहून."

मग मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. मोठ्या सुनेचं अंग खाली येतं, ओझं घेऊन चढावं लागतं म्हणून अजून वाढलं आहे, ऑपरेशन होऊ शकतं पण पुढे पाणी वाहायचं नाही, आणि पाणी लांब आहे म्हणून ती ऑपरेशन करून घेत नाही, हे सगळं मी सासऱ्यापुढे बोलू नये अशा शब्दांत बोलले. दुसरे शब्द मला माहीत नव्हते. आत जाऊबाईंनी तोंडावर पदर घेतला होता. मामाजींनी भिंतीवरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्यांचे डोळे घारे आहेत.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

मला ते माहीत नव्हतं. उत्तर आतल्या खोलीतून आलं.

"धाकट्याच्या बाळंतपणापासून."

धाकटा तेव्हा हिंगणघाटला कॉलेजात होता. मामाजींनी बोटांवर काही मोजलं, मध्येच सोडून दिलं आणि टोपी घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले पण बसले नाहीत, उभ्यानंच बोलले, असं माझ्या नवऱ्यानं सांगितलं. जाऊबाईंचं नाव त्यांनी काढलं नाही. नळ सुनांच्या वाटेवर पाहिजे, एवढंच म्हणाले. इतरांनाही तोवर पुरे झालं होतं. गुडघेवाले आजोबा तर सगळ्यात आधी हो म्हणाले. पारापासून मागच्या गल्लीपर्यंत चर खणायला माणसं लागली तेव्हा माझे जेठ आणि माझा नवरा दोघेही कुदळी घेऊन गेले. कडुनिंबाच्या आड, आमच्या दारापासून चाळीस पावलांवर तीन तोट्यांचा ओटा झाला. मी ती पावलं स्वतः टाकून पाहिली. पारावरची मंडळी आता पाहुण्यांना सांगतात की बायकांची सोय बघून आम्हीच नळ मागे नेला. सांगू देत, पाणी तर आलं.

संक्रांत झाली आणि जाऊबाईंचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, पाणी कोण भरतं? यावेळी मी उत्तर दिलं. त्यानंतर घरातलं सगळं पाणी मी भरलं. चाळीस पावलं जायचं आणि चाळीस यायचं. एखाद्या दिवशी वाटायचं, बाकीची वाट कुठे गेली? तो वेळ उरायचा तेव्हा सुरुवातीला मला त्याचं काय करावं ते सुचायचंच नाही.

खरी अडचण जाऊबाईंच्या हातांची होती. त्यांना सवय मोडवेना. भांडं रिकामं दिसलं की हात जायचा. मी रागवायचे, त्या 'नाही हं' म्हणायच्या आणि मी वळले की परत तेच. वैशाखातली एक सकाळ. ऑपरेशनला चौथा महिना लागला होता. मी चुलीपाशी भाकऱ्या करत होते. नळाला पाणी आल्याचा आवाज गल्लीतून आला आणि मी पाहिलं तर जाऊबाईंनी गुंड उचलून कमरेवर घेतला होता आणि त्या दाराकडे निघाल्या होत्या. माझे हात पिठात. मी ओरडणार, एवढ्यात ओसरीवरून मामाजी खाकरले.

एकदाच.

सवयीनं जाऊबाईंचा मोकळा हात पदराकडे गेला. पाय आत वळले. मग त्या थबकल्या, कारण मामाजी काही बाहेरून आले नव्हते. ते तिथेच बसलेले होते आणि भिंतीकडे बघत नव्हते.

"ठेव ते, बाई," ते म्हणाले.

जाऊबाईंनी गुंड खाली ठेवला. मामाजी उठले, कोपऱ्यातली लहान कळशी घेतली, तीच, जी मी नऊ दिवस पारावर नेली होती, आणि दाराबाहेर पडले. मी पिठाच्या हातांनी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. नळावर पाच-सहा सुना पाणी भरत होत्या. मामाजींना पाहून त्या गडबडल्या, कोणाचा हात पदराला, कोणी तोटी तशीच सोडून मागे सरकली. मामाजी पुढे गेले नाहीत. कडुनिंबाखाली त्यांनी कळशी खाली ठेवली, वहाणा काढल्या आणि नळाकडे पाठ करून उभे राहिले. सगळ्यांचं भरून होईपर्यंत ते तसेच उभे होते.

जाऊबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा पदर खांद्यावर आला होता. त्यांनी तो सावरला नाही. हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी एक माझ्या खांद्यावर ठेवला.